न्हाणीची जागा

राहू गावात एका बंगल्याच्या अंगणात मी पेव्हिंग ब्लॉक बसवत होतो. काम निम्म्यावर आलं, तेव्हा मालकाच्या आई आल्या आणि लिंबाखालच्या मातीपाशी मांडी घालून बसल्या.

“हितं बसवायचं न्हाई, मिस्त्री. हितं न्हाणी हाय.”

तिथं नळ नव्हता की आडोसा नव्हता. ह्या वयात उघड्यावर आंघोळ करतात की काय, म्हणून मीच ओशाळलो.

“मावशी, भिंत घालून देतो की. पाण्याला उतार पण काढतो.”

“पाणी कशाला?”

त्यांनी चुलीची राख आणली, चाळणीनं त्या मातीत चाळली, एकेक खडा वेचून फेकला. त्या बाजूला झाल्या तशा तीन गावरान कोंबड्या आल्या, मातीत आडव्या झाल्या आणि पंखांनी धूळ अंगावर घ्यायला लागल्या.

“अंगातल्या पिसवा अशाच जात्यात. ब्लॉकावर काय लोळत्याल त्या?”

एवढं बोलून मावशी परत तिथंच बसल्या. चहासुद्धा तिथंच प्यायल्या. जागा सोडली नाही.

संध्याकाळी मावशींचा मुलगा कंपनीतून आला. “तेवढाच तुकडा का सोडला?”

माझं माप आजवर कधी चुकलेलं नाही, सगळी पंचक्रोशी सांगेल.

“माप चुकलं,” मी म्हणालो. “ब्लॉक कमी पडले.”

आणि उरलेला ढीग आठवून दचकून मागं बघितलं. ढिगावर गोधडी अंथरून मावशी ऐसपैस बसल्या होत्या.