नळावरची रांग

शाळेतली मारामारी सोडवण्यात माझा हातखंडा आहे. उगाच विनय कशाला दाखवू, आहेच. मुळशीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी हयात गेली. पोरं भिडली की नवखे शिक्षक शिट्टी फुंकतात, ओरडतात, नाहीतर दोघांनाही एकेक ठेवून देतात. मी आधी बघे पांगवते. बघणारं कुणी उरलं नाही की निम्मी मारामारी आपोआप विझते. मग दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं, पाणी द्यायचं, लागलं असेल तिथे औषध लावायचं, आणि धाप बसेपर्यंत "कोणी सुरू केलं?" हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. त्यानंतर प्रत्येकाला एक कोरा कागद. काय झालं ते लिही. तोंडी भांडणात मोठ्या आवाजाचं पोर जिंकतं, कागदावर आवाज चढत नाही, असं मी नव्या शिक्षकांना ऐटीत सांगायची.

काही वर्षांपूर्वी पिरंगुटच्या पलीकडे एका गावात मी मुख्याध्यापिका होते. दुपारी खिचडी झाल्यावर सातवीतल्या दोन मुली नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटताना सापडल्या. एक गावातली, जमीनदार घरची. घरच्यांनी कंपनीच्या कामगारांना खोल्या भाड्याने दिलेल्या. पोरीचं अक्षर मोत्यासारखं, निबंधात दर वर्षी पहिली. दुसरी डोंगरावरच्या वाडीतली. वाडीची शाळा चौथीपर्यंतच, म्हणून ही रोज तासभर डोंगर उतरून यायची. गणित तोंडी घाला, बाकीच्यांनी बोटं मोजायच्या आत हिचं उत्तर तयार. लिहायला सांगितलं की पेन्सिल चावत बसायची. त्या दिवशी गावातलीच्या कपाळाला स्टीलच्या ताटाची कड लागून रक्त आलं होतं.

मी माझ्या पद्धतीने कागद दिले. गावातलीने दीड पान लिहिलं. रांग, ओढाओढ, ताट, सगळं क्रमाने. वाडीतलीने एकच ओळ लिहिली: "मी ताट मारलं." कबुलीच ती, मला आणखी काय हवं होतं? मी भर वर्गात जाऊन सांगितलं, चूक हिची आहे, वडिलांना घेऊन येईपर्यंत ही वर्गात बसणार नाही. गावातलीच्या घरून फोन यायच्या आधीच सांगितलं, त्यामुळे दबावाखाली केलं अशी सबबही मला नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीतलीचे वडील आले. दिवसाची मजुरी बुडवून आले होते. चपला दाराबाहेर काढल्या, मी खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

"बाई, हिचा दाखला द्या," ते म्हणाले. "पोर मारकुटी निघाली. उद्यापासनं माझ्यासंगं कामावर यील."

शाळा सोडल्याचा दाखला एकदा त्या डोंगरावर गेला की पोर परत खाली उतरत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पोरगी वडिलांच्या मागे फरशीकडे बघत उभी होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी तिला लिहायला लावलं होतं, पण 'सांग बाई, काय झालं' असं विचारलंच नव्हतं. ज्या कामात ती सगळ्यांत कच्ची, त्याच कामावरून मी तिचा निवाडा करून बसले होते.

"दाखल्याचं नंतर बघू," मी म्हणाले. "आधी सगळे नळावर चला."

आदल्या दिवशी त्या वेळी नळावर असलेली सगळी मुलं मी ताटं घेऊन बोलावली. काल जिथे होता तिथे उभे राहा, एवढंच सांगितलं.

नळाजवळ गावातली मुलगी उभी राहिली, तिच्यामागे गावातलीच बाकीची मुलं. वाडीची चार बारकी पोरं मात्र कुणी न सांगता रांगेपासून लांब भिंतीला टेकली, खरकटी ताटं हातात धरून. सगळ्यांची ताटं धुऊन झाल्यावर त्यांनी यायचं, असं ठरूनच गेलेलं होतं. वाडीतली ही सातवीची पोर एकटी भिंत सोडून नळाकडे गेली आणि दुसऱ्या नंबरावर उभी राहिली.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"हिनं मागं वढलं. म्हनली, तुमी शेवटी. मी म्हनलं, न्हाई. तिनं परत वढलं, मंग मी मारलं."

गावातली रडायला लागली. "पण बाई, वाडीतली मुलं शेवटीच असतात ना, रोज," ती म्हणाली.

तिच्या दीड पानात खोटं काहीच नव्हतं. जे रोजचंच, ते लिहायचं तिला सुचलं नाही, एवढंच. आणि रोजचं तर ते मलाही झालं होतं. माझ्या खुर्चीतून तो नळ समोर दिसायचा. भिंतीला टेकलेली ती पोरं मी दररोज बघत होते आणि मनात म्हणत होते, किती शहाणी लेकरं, जरा म्हणून घाई करत नाहीत. लाज वाटली मला, चांगलीच वाटली. आता मी कागद सगळ्यांत शेवटी देते. आधी पोरांना जागेवर नेऊन उभं करते, आणि नव्या शिक्षकांनाही तेच सांगते, तितक्याच ऐटीत.

मी गावातलीला जवळ घेतलं. कपाळ फुटलं ते वाईटच झालं, ते कुणीही करायचं नाही, पण आजपासून जो आधी येईल तो आधी ताट धुईल, असं सगळ्यांना सांगितलं आणि भिंतीजवळच्या पोरांना रांगेत घेतलं.

वडील एवढा वेळ त्या पोरांच्या शेजारीच उभे होते.

"बाई, मीच सांगितलं व्हतं हिला," ते म्हणाले. "शेवटी थांबत जा, भांडान नको. आमी बी कामावर तसंच करतो." मग लेकीकडे बघून म्हणाले, "दाखला ऱ्हाऊ द्या."

ते रस्त्याला लागले. मी पोरीला वर्गात जा म्हणाले, तर ती जागची हलेना.

"काल तुमी सगळ्यांम्होरं सांगितलं, चूक हिची हाय," ती म्हणाली. "आता बी सगळ्यांम्होरं सांगा."

एवढ्या वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी तिच्यामागून सातवीच्या वर्गात गेले आणि सांगितलं, चूक माझी होती.