शेंदूर लावलेली मशीन

सकाळी फोन आला तेव्हा मी इंदूरला माझ्या स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. पलीकडे भाचा होता, अनिल. म्हणाला, "आत्या, बाबा गेले." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "मशीन चालू होती का?" त्याला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं. मग म्हणाला, "नाही आत्या, मशीन तर बंदच होती. खुर्चीत बसले होते, चहाचा कप हातात होता..." तेव्हा कुठे मी ओट्याला टेकले आणि रडले. सुनेनं नंतर हळूच विचारलंच, की आधी मशीनची चौकशी कशाला केलीत? तिला काय सांगणार! दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ग्वाल्हेरला नया बाजारात उभा जन्म फर्निचरचा कारखाना चालवत होता, आणि मी उभा जन्म एका वेगळ्याच फोनची धास्ती घेऊन जगले. तो फोन आला नाही. का आला नाही, ते आता लिहून ठेवते. दादा असता तर म्हणाला असता, तुला काय, फुकटची पंचाईत.

आमचं घराणं दक्खनेतून आलेलं, शिपायांचं. वडील शिंदेशाहीच्या फौजेत होते. संस्थानं विलीन झाली, फौज मोडली, वडिलांच्या हातात एक कागद आला आणि ते घरी बसले. बसले ते उठलेच नाहीत. दादा तेव्हा कॉलेज सोडून मध्य भारत सरकारच्या एका दफ्तरात कारकून म्हणून चिकटला. लाकडाचा नाद त्याला लहानपणापासूनच होता. दफ्तरातून आला की अंगणात रंधा घेऊन बसायचा, आणि आई म्हणायची, शिपायाच्या पोटी सुतार आलाय. चार घास सुखाचे चालले होते, तोवर छप्पन साल उजाडलं. मध्य भारत मोडलं, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ! आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या वस्तीत, तर रडारडच. फायली बांधल्या जाऊ लागल्या, पाठोपाठ माणसंही. दादालाही हुकूम आला : सोमवारी भोपाळला हजर व्हा. आई हटून बसली की मी ग्वाल्हेर सोडणार नाही, तुझ्या वडलांची राख इथल्या मातीत आहे. कुसुमवहिनीला दिवस गेलेले. आणि दादा... दादा एका संध्याकाळी म्हणाला, "बाबांना एका कागदानं बसवलं, मला एका कागदानं उठवणार. हे किती दिवस चालायचं?"

त्याच आठवड्यात त्यानं ती मशीन आणली. संस्थानाच्या कुठल्याशा जुन्या कारखान्याचं सामान नीलामीत निघालं होतं, ते फिरत फिरत पडाव मोहल्ल्यातल्या एका कबाड्याकडे येऊन पडलेलं. कबाड्याला वाटत होतं की हे छापखान्याचं काहीतरी आहे, कारण मधोमध एक गोल रूळ होता आणि दोन्ही बाजूंना बिडाचे लांबलचक पाट. वर नावाची पाटी नाही, पट्ट्याची चाकं गंजलेली, एका बाजूची उभी टेकण गायब. दादानं वाकून पाहिलं, की दोन पाटांपैकी एक किंचित खाली आहे. बस्स, एवढ्यावर त्यानं ओळखलं. घरी येऊन मला समजावलं, "अगं, हा उलटा रंधा आहे. आपण रंधा लाकडावर फिरवतो ना? इथे रंधा मधे बसून फिरतो आणि आपण लाकूड वरून सरकवायचं. जे काम मला अख्खा दिवस पुरतं, ते ही घटकेत करील." कबाड्यानं ती भंगाराच्या भावात दिली. ठेल्यावर घालून चार माणसांनी ती आमच्या मागच्या अंगणात आणून टाकली तेव्हा शेजारपाजार बघायला जमला होता.

आणि त्या मशीनला शेंदूर होता. थोडाथोडका नव्हे! मधल्या रुळावर, त्याच्या तोंडावर, वर्षानुवर्षांचा तेलशेंदराचा थर, त्यात लाकडाचा भुसा बसून दगडासारखा झालेला. रूळ जागचा हलतही नव्हता. दादा मात्र खूष. म्हणाला, इथल्या बजरंगबलीला मंगळवारी जसा शेंदराचा चोळा चढवतात तसा कारागिरांनी हिला चढवलाय, म्हणजे कारखान्यातली सगळ्यात मानाची मशीन असणार. मलाही ते पटलं. मनातल्या मनात त्यानं इस्तीफ्याचा मजकूरही ठरवून टाकला असणार, कारण त्या दिवशी जेवताना तो चक्क गुणगुणत होता. वहिनी तेवढी त्याच्याकडे बघत होती. तिला एकच कळत होतं : सोमवारी सरकारी पगार सुटणार, बाळंतपण तोंडावर, आणि सगळा संसार या गंजक्या लोखंडावर उभा राहणार. मशीन चांगली निघाली तर तरलो. नाही निघाली तर...

म्हणून पारख करायची ठरली. पण शेंदूर खरवडायला आईनं साफ मनाई केली. "शेंदराची खोळ आपली आपण गळते. माणसानं हात घालायचा नसतो." दादानं किती विनवलं, पण आई ती आईच. मग त्यानं शेंदूर सोडून बाकीचं तपासायला घेतलं. बिडाच्या पाटांना कुठे बारीक तडा असला तर मशीन कवडीमोल, आणि तसा तडा नुसत्या डोळ्याला दिसत नाही. त्यानं पाट घासून पुसले, त्यांवर घासलेट चोळलं, थोडा वेळ मुरू दिलं, मग कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसून वर खडूची भुकटी पसरली. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आम्ही तिघं त्या पांढऱ्या पाटांकडे टक लावून बसलो. चूल विझली तरी कुणी उठेना. एका कडेला डाग उमटू लागला तेव्हा वहिनीनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. पण तो जुना तेलाचा डाग निघाला, रेघ झाली नाही. मग दादानं दोन्ही पाटांवरून शिवणाचा दोरा ताणला, पोलादी पट्टी उभी धरली आणि मला पलीकडून कंदील धरायला लावला. पट्टीखालून उजेड कुठे कुठे येतो ते बघत तो जमिनीवर आडवा झाला होता. उजेड कुठूनच आला नाही, म्हणजे पाट सरळ होते. उठला तेव्हा त्याच्या गालाला माती लागलेली आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाली. दादा इस्तीफा लिहायला कागद घेऊन बसला. आई सुपारी कातरत होती. एकाएकी अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "खंडेनवमीला तुझ्या वडलांच्या तलवारीला मी काय लावते रे?"

"हळदकुंकू. फूल."

"शेंदूर कधी लावला?"

दादानं लिहायचा कागद बाजूला ठेवला.

"आपल्यात हत्याराला शेंदूर नसतो. शेंदूर म्हसोबाला, वेताळाला. ज्याचा कोप नको त्याला. या तुझ्या मशीननं कुणाचं तरी काहीतरी घेतलंय, म्हणून लोकांनी तिला शांत केलंय. मान नाही तो, भीती आहे. ऊठ, काढ तो शेंदूर."

जी बाई दोन दिवस हात लावू देत नव्हती ती आता स्वतः गोडेतेल कोमट करून घेऊन आली! आधी मशीनला नमस्कार केला, चुकलंमाकलं माफ कर म्हणाली, आणि थरावर तेल सोडलं. दादा लाकडी पाचर घेऊन खरवडायला बसला. शेंदराच्या ढपल्या निघत गेल्या, खाली भुसा, त्याखाली पुन्हा शेंदूर. आणि हळूहळू तो गोल रूळ गोल राहिना. एक कोपरा निघाला. मग दुसरा. आतलं लोखंड चौकोनी होतं! चौकोनी ठोकळा, त्याच्या अंगाला पाती बोल्टांनी आवळलेली. गोलपणा सगळा शेंदराचा होता. दादाचा चेहरा उतरला, इतका की मला वाटलं तडा सापडला. त्यानं पट्ट्याचं चाक हातानं हळू फिरवलं आणि आंब्याच्या लाकडाची एक चिपटी पाटावरून पुढे सरकवली. ठोकळा चौकोनी असल्यामुळे त्याच्या आणि पाटाच्या मधे तोंड मोठं उघडत होतं. कोपरा वर आला, त्यानं चिपटी पकडली आणि खाली ओढून नेली. हातानं फिरवतानाच ही गत. वीज लावल्यावर तिथे चिपटीऐवजी बोटं असली तर ती नुसती कापली जाणार नव्हती, आत खेचली जाणार होती. त्या कारखान्यात हेच घडलं होतं, एकदा की अनेकदा ते देव जाणे, आणि म्हणून शेंदूर चढत गेला होता.

मशीन सरळ होती, बिनतड्याची होती, आणि हात खाणारी होती. कागद घरात अर्धा लिहून पडला होता. दादा म्हणाला, बघू, जपून चालवीन. त्याबरोबर वहिनी, जी सासूसमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती, पुढे आली. "हात तुमच्या एकट्याचे नाहीत," ती म्हणाली. "या पोटातल्याचेही आहेत. भोपाळला चला. नाहीतर हे चौकोनी काढून गोल बसवाल तेव्हाच ही मशीन सुरू कराल, अशी शपथ घ्या. नुसती तोंडी नको. तिच्यावर हात ठेवून घ्या."

दादानं आईकडे बघितलं. आईनं मान फिरवली, म्हणजे सुनेचं तिला मान्य होतं. मग त्यानं उजवा पंजा त्या तेलकट, लाल ठोकळ्यावर पुरता टेकवला आणि शपथ घेतली. वहिनी म्हणाली, "आता जा, इस्तीफा देऊन या." दुसऱ्या दिवशी त्याचं दफ्तर भोपाळच्या गाडीत चढलं आणि हा इंदरगंजच्या रिकाम्या दफ्तरापासून पायी पायी मोकळा घरी आला.

नंतरचे महिने कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. मशीन अंगणात ताडपत्रीखाली, आणि दादा बाहेर हातरंध्यानं खिडक्या-दारं घासतोय. लोक हसायचे, घरात घोडा आणि चालतोय पायी. अनिल जन्मला तेव्हा घरात तूपही नव्हतं. एकदा मोठं काम चालून आलं, शाळेच्या बाकांचं. मशीन सुरू केली असती तर मिळालं असतं. दादा ताडपत्रीजवळ जाऊन उभा राहिला, बराच वेळ... आणि परत येऊन त्यानं काम नाकारलं. त्या दिवशी तो जेवला नाही. वहिनीही जेवली नाही, पण शपथ सोडवते असं काही ती म्हणाली नाही. अखेर पडावच्या खरादवाल्यानं, लेथवर लोखंड कातणाऱ्यानं, रेल्वेच्या जुन्या आसातून गोल रूळ कातून दिला, तो बसला, आणि मशीन सुरू झाली. तिचा तो पहिला आवाज ऐकून मी घरात कानांवर हात ठेवले होते. पुढे काय, नया बाजारात दादाच्या कारखान्याला नाव झालं, भोपाळच्या नव्या दफ्तरांतल्या खुर्च्याही त्याच्याकडून गेल्या. त्याला त्यात फार गंमत वाटायची.

चौकोनी ठोकळा आईनं फेकू दिला नाही. पुन्हा शेंदूर लावून मशीनच्या वरच्या फळीवर ठेवला, म्हणाली, दिसत राहू दे. मी माहेरी गेले की दादाला चिडवायचे, की शिकलासवरलेला माणूस तू आणि लोखंडाला घाबरतोस. तो म्हणायचा, घाबरतो म्हणून तर तुला टाळी देता येते. आणि खरंच टाळी द्यायचा, चांगली झणझणीत. नवीन कारागीर आला की दादा आधी त्याला तो ठोकळा दाखवायचा. कुणी घाईत मशीनवरचं झाकण काढून काम करताना दिसला, तर त्या दिवसाची मजुरी देऊन घरी पाठवायचा, मग तो कितीही गयावया करो. तापट होता तसा. माझाच भाऊ.

तेराव्यानंतर आम्ही ग्वाल्हेरला कारखान्यात उभे होतो तेव्हा अनिल म्हणाला, आत्या, मशीन आता जुनी झाली, दिल्लीहून नवीन मागवतोय, हे फळीवरचं काय करू? मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, "वन्सं, जरा वर बघा." मी स्टुलावर चढले. गुडघे दुखतात, तरी चढले. मला वाटायचं, आई गेल्यावर तिथे कुणी लक्ष देत नसेल. ठोकळ्यावर शेंदूर ताजा होता, तेलाची ओल अजून गेली नव्हती. वहिनी खालून सांगत होती, "रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी लावायचे. त्या दिवशीही लावला, मग म्हणाले, आधी चहा घेतो..."

शेंदरात दादाचा पंजा उमटला होता. पाचही बोटं.