भोंग्याचा बसलेला आवाज

त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. त्याच्या बायकोसमोरही म्हणायचो आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. भाजीच्या घाऊक बाजारात तो लिलाव पुकारायचा. कांद्याच्या थप्पीवर उभा राहून एकदा भाव ओरडला की रस्त्यापलीकडच्या घरांतली तान्ही पोरं दचकून उठायची. दुपारी बाजार उठला की स्वारी थेट माझ्या सलूनमध्ये. दाढी हे निमित्त. खरं काम भांडणाचं.

माझं दुकान लहान. दोन खुर्च्या, भिंतीवर टीव्ही आणि दाराजवळ एक बाकडं. त्या बाकड्यावर समोरचा औषधवाला आणि वायरमन हे दोघं ठाण मांडून बसलेले. विषय एकच, आमचा फुटबॉल संघ. कुणाला खेळवावं, कुणाला बसवावं, प्रशिक्षकाचं डोकं ठिकाणावर आहे का. जगात दुसरं काही चाललेलं असतं हे आम्हाला वर्तमानपत्राची मागची बाजू उलटली तरच कळायचं.

माझं आणि भोंग्याचं भांडण म्हाताऱ्यावरून. म्हातारा म्हणजे आमचा मुख्य गोल करणारा. वय पस्तिशीचं, पण फुटबॉलमध्ये पस्तिशी म्हणजे आजोबाच. मी म्हणायचो, त्याला आता घरी बसवा, तो चेंडूमागे धावत नाही, चेंडूची वाट बघतो. भोंगा खुर्चीतून उसळायचा. गालावर साबण, गळ्यात कापड, आणि हा उभा! "अरे, उभ्या उभ्या गोल करतो तो! तुझे ते पळणारे काय करतात? घाम गाळतात नुसते!" मी वस्तरा उंच धरून मागे सरायचो. कितीदा तरी त्याची अर्धी दाढी करून मी वस्तरा आपटला असेल आणि म्हटलं असेल, जा, उरलेली म्हाताऱ्याकडून करून घे.

आमच्या दुकानाची एक रीत होती. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याचा आवाज सगळ्यात जास्त बसलेला, त्याला पहिली खुर्ची. मग बाकीचे कितीही वेळ थांबलेले असोत. ज्याचा घसा शाबूत, तो स्टेडियममध्ये गप्प बसून शेंगदाणे खात होता असं आम्ही समजायचो. गेल्या सीझनला ही पहिली खुर्ची भोंग्याने सोडलीच नाही. बोलायला लागला की गंजलेलं शटर ओढल्यासारखा आवाज यायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो. याला म्हणतात निष्ठा, असं मी स्वतः चार गिऱ्हाइकांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं.

संघाचं म्हणाल तर त्या वर्षी आमची अब्रू पार धुळीला मिळाली. गोलकीपरचं नाव आम्ही चाळणी ठेवलं. बचाव फळीतले दोघे एकमेकांकडे बघत उभे राहायचे आणि चेंडू मधून जायचा. गुणतक्त्यात आमचं नाव शोधायला वरून सुरुवात करण्यात अर्थच उरला नव्हता. आणि संघ जसजसा खाली गेला, तसतसा भोंग्याचा आवाज बसत गेला. आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही. उलट ते शोभून दिसत होतं.

मध्ये सामन्यांना सुट्टी पडली. कुणीच कुठे ओरडलं नाही. माझा घसा मोकळा झाला, वायरमनचा झाला. भोंग्याचा झाला नाही. औषधवाल्याने चघळायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "बाजारात गळा फाडतोस, इथे फाडतोस, त्याला विश्रांती कधी मिळणार?" आम्ही मान डोलावली. पाणी पिताना तो चेहरा वाकडा करायचा तेही आम्ही पाहिलं. वायरमन म्हणाला, "पराभव गिळतोय बिचारा."

त्याच्या बायकोने मात्र डॉक्टरचा धोशा लावला होता. एकदा ती त्याला शोधत दुकानात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. माझं ऐकत नाहीत. रात्री झोपेत श्वास वाजतो ह्यांचा."

"सीझन संपू दे गं," भोंगा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आत्ता अर्ध्यात सोडू का पोरांना?"

पोरांना म्हणजे स्वतःच्या नव्हे. संघाच्या. आणि आम्ही चौघे हसलो. वहिनी हसली नाही.

शेवटचा सामना जिंकला असता तर आम्ही तरलो असतो. बरोबरीत असताना म्हाताऱ्याकडे चेंडू आला, समोर गोल उघडा, आणि त्याने तो आकाशात मारला. मग चाळणीने आपलं काम चोख केलं. संघ खालच्या विभागात गेला. माझ्या शेजारी भोंगा दोन्ही हात वर करून, तोंड वासून ओरडत होता आणि मला फक्त वारा ऐकू येत होता.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रात गाठ होती आणि चांगली पसरलेली होती. हिवाळ्यात आला असता तर नुसत्या किरणोपचारांवर भागलं असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आता स्वरयंत्रच काढावं लागेल. श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा, आणि आवाज कायमचा गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनीने मला गाठलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं; असतं तर परवडलं असतं.

"तुम्ही रोज त्यांचा आवाज ऐकत होतात. एकालाही कान नव्हते?"



शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. आणि तो बरा होऊन दुकानात आला तेव्हा आम्ही तिघांनी मनोमन ठरवलं होतं की याला आता फुलासारखं जपायचं. गळ्यावर जाळीचं कापड, हातात पांढरी पाटी आणि काळा पेन. खांद्यांत वाकला होता. बाजारात त्याला गोण्या शिवायला बसवलं होतं. त्याच्या थप्पीवर आता दुसराच कुणी उभा राहून पुकारायचा आणि याने खाली बसून ते ऐकायचं. ही शिक्षा मी माझ्या वैऱ्यालाही दिली नसती.

त्याने पाटीवर लिहिलं, म्हातारा पुढच्या वर्षीही हवा.

पूर्वी या वाक्यावर दुकान पेटलं असतं. आम्ही सगळे तो लिहीपर्यंत थांबलो होतो. टीव्हीचा आवाजही मी कमी केला होता. मग औषधवाला म्हणाला, "अगदी बरोबर." वायरमन म्हणाला, "तेच म्हणतो मी." आणि मी म्हणालो, "तुझंच खरं होतं रे इतकी वर्षं." मला वाटलं, तो खूश होईल. तो पाटीकडे बघत राहिला आणि त्याने बोटाने अक्षरं पुसली.

मग हे रोजचंच झालं. तो लिहायचा, आम्ही वाट बघायचो, तो दाखवायचा, आम्ही होकार द्यायचो. काही दिवसांनी तो लिहीनासा झाला. यायचा, दाढी करून घ्यायचा, जायचा. नंतर यायचंही कमी झालं.

वहिनी पुन्हा एकदा दारात उभी राहिली. या वेळी ती चिडलीही नाही, याचीच मला भीती वाटली. "घरी भिंतीकडे तोंड करून पडून असतात. काल पाटीवर लिहिलं, वाचवलंत कशाला. भावजी, पूर्वी तुमच्याकडून यायचे तेव्हा कसे तरतरीत असायचे. आता तुमच्याकडून येतात ते आणखी खचून येतात. काय करता तुम्ही त्यांना?"

"काहीच नाही हो, वहिनी. आम्ही उलट जपतो त्यांना."

ती मला वेड्याकडे बघावं तसं बघून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला बळेबळे पाठवलं असावं. तो खुर्चीत बसला. गळ्यावरचं जाळीचं कापड मी भोकावर अलगद धरलं. तिथे एक केस जरी आत गेला तरी त्याला खोकल्याची उबळ यायची, त्यामुळे त्याची दाढी करताना माझा स्वतःचा श्वास अडकायचा. टीव्हीवर नव्या संघाची यादी दाखवत होते. म्हाताऱ्याला ठेवलं होतं. भोंग्याने पाटी मागितली आणि लिहिलं, म्हाताऱ्याला हाकला, चाळणीला कर्णधार करा.

"अगदी बरोबर," औषधवाला म्हणाला.

"तेच म्हणतो मी," वायरमन म्हणाला.

भोंग्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी तो चेहरा आरशात बघत आलो, पण असा कधी पाहिला नव्हता. पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस काठावरच्या शेवटच्या माणसाकडे बघतो तसा तो बघत होता. आम्ही त्याला जपत नव्हतो. आम्ही त्याला पुरून टाकलं होतं आणि वर रोज हळूच माती लोटत होतो. मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि मी जर रडलो असतो तर सगळंच संपलं असतं.

"गाढवा!" मी ओरडलो. वस्तरा फळीवर आपटला. "चाळणीला कर्णधार? डोकं फिरलंय का तुझं? आणि म्हाताऱ्याला हाकलायचं तुला आज सुचलं? तो तर गेल्याच वर्षी जायला हवा होता! उघड्या गोलसमोर चेंडू ढगात मारणारा तुझा तो आजोबा! त्यानेच आपल्याला बुडवलं, त्याने आणि त्याला डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या तुझ्यासारख्यांनी!"

औषधवाल्याने माझा हात धरला. "अरे, काय बोलतोस? आजारी माणूस आहे."

भोंगा उभा राहिला. पाटी जमिनीवर पडली, त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. गालावर साबण तसाच. त्याने बोट माझ्या छातीवर रोवलं आणि तोंड उघडलं. ओठ हलत होते, भुवया नाचत होत्या, कपाळावरची शीर तट्ट फुगली होती, आणि गळ्यावरची जाळी श्वासाने फडफडत होती. आवाज म्हणाल तर फुग्यातून हवा जावी तेवढाच. बाकड्यावरचे दोघं मान खाली घालून, मुकाट, तो कधी थांबतो याची वाट बघत बसले.

मी नाही थांबलो. त्याचं एक अक्षर मला कळत नव्हतं. तरी मी त्याला मध्येच तोडलं आणि म्हणालो, "खोटं! साफ खोटं!"

त्याने खुर्चीच्या पाठीवर जोरात मूठ आपटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.