खबरदारीचे थेंब

वेवजीच्या हिरकणीचा राग अख्ख्या पाड्याला माहीत होता. चिकूच्या वाडीत मजुरीला जायची, तिथे मुकादम एखाद्या पोरीवर विनाकारण ओरडला की ही हातातली टोपली खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहायची. मधुमेहाने डोळ्याचा पडदा सुजला तेव्हाही ती रडली नाही, चिडलीच. डहाणू रोडच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागणार होतं.

इंजेक्शनच्या आधी आणि नंतर काही दिवस जंतू मारायचे थेंब घालायचे, असा तिथला शिरस्ता. सून संगिता न चुकता घालायची. वर्ष-दीड वर्ष असंच चाललं. मग एका सकाळी तोच डोळा लालभडक झाला, पापण्या चिकटल्या, उजेड सोसेना. संगिताने घरातली तीच बाटली काढली, पुन्हापुन्हा थेंब घातले. ठणका वाढतच गेला आणि बुबुळावर पांढरा ठिपका उठला.

तशीच ती सासूला घेऊन वापीला गेली. तिथल्या डॉक्टर मयुराबेननी ठिपका म्हणजे जखम आहे असं सांगून तिच्यावरचा अंश तपासायला पाठवला. उत्तर आलं, या जंतूंवर ते थेंब चालतच नाहीत.

"असं कसं?" हिरकणीने विचारलं.

"डोळ्यावर, पापण्यांवर जंतू असतातच, मावशी. बहुतेक निरुपद्रवी. दर महिन्याला थेंब घातले की लेचेपेचे मरतात, चिवट उरतात आणि तेच वाढतात. जखम थेंबांमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. पण औषध बोथट झालं ते त्यामुळे, असं मला वाटतं."

"मग सुई टोचताना जंतू आत गेले तर?"

"टोचण्याआधी आयोडीन घालतात. चुरचुरतं, पण ते पुरतं. वर थेंब घालून जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही."

"मग मला कशाला घालायला लावले?"

मयुराबेननी दुसरं औषध लिहून दिलं. त्याने जखम भरली, पण बुबुळावर डाग राहिला. त्या डोळ्याला आता सगळं धुरकट दिसायचं.

बरं वाटताच हिरकणी डहाणू रोडला गेली आणि थेट डॉक्टरांच्या दारात उभी राहिली.

"अहो, खबरदारी म्हणून देतो," डॉक्टर म्हणाले. "सगळेच देतात. काही झालं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, साधे थेंबसुद्धा दिले नाहीत."

"म्हणजे खबरदारी माझ्या डोळ्याची नव्हती, तुमच्या नावाची होती!"

बाहेर बसलेले पेशंट माना वर करून बघू लागले. मसोलीचे म्हातारे काशीनाथ हातातली थेंबांची बाटली पुढे करत म्हणाले, "बाय, मग हे मी घालू का नको?"

"मला नका विचारू काका. त्यांना विचारा. आणि नीट उत्तर मिळेपर्यंत हलू नका."

ती त्यांच्या शेजारच्या बाकावर बसली. संगिताने हात ओढला, "आई, चला ना." हिरकणीने हात झटकला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, बाकांवरची गर्दी पाहिली आणि शेवटी ते खुर्ची ओढून काशीनाथांसमोर बसले.