संगणकावर टाकलेली पाच घोंगडी

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा साताऱ्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि अंगात नको तितका उत्साह होता. छोट्या विक्रेत्यांची पानं इंटरनेटवर टाकून द्यायची, असा नवा धंदा डोक्यात घेतला होता. नमुना म्हणून जतच्या सिद्रामआण्णांचं पान फुकट करून दिलं होतं. आण्णा घोंगडी विणायचे. वर्षापूर्वी एका प्रदर्शनात त्यांच्या पाच घोंगड्यांचे फोटो काढले आणि "आता सगळं जग बघणार" असं ठोकून दिलं. पुढे एका पेढेवाल्याने विचारलं, त्या जतवाल्याला फायदा किती झाला? ते विचारायला मी जतला निघाले.

सकाळच्या एसटीने सांगली. कराडच्या स्टँडवर बस बराच वेळ थांबते, तेवढ्यात चहा आणि वडा उरकून घ्यावा. सांगलीत भडंगाचा पुडा घेतला आणि मिरज, कवठेमहांकाळ करत जतची गाडी धरली. मिरजेपर्यंत ऊस दिसतो, पुढे हळूहळू ज्वारी आणि मग नुसतं माळरान. रस्ता खडबडीत, खिडकी बंद न होणारी. जाऊन-येऊन भाडं दोनशेच्या आत बसलं. जाणाऱ्यांनी पाणी सोबत न्यावं, कारण जतमध्ये टँकरभोवती घागरींची रांग होती आणि त्या पाण्यातलं मागून पिणं मला जमलं नाही.

आण्णांचं घर विचारत गेले. दारातच चिंचोक्याच्या खळीचा वास आला. ती खळ लावली की घोंगडं कडक होतं आणि पाणी धरत नाही. पाय सोडून विणायला बसतात तो मागाचा खड्डा मात्र रिकामा होता. आण्णांनी माझं स्वागत केलं, घोंगडं अंथरून बसवलं, आणि त्यांच्या बायकोने, गंगव्वाने, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी समोर ठेवली. माझा पहिला घास तोंडात होता तेव्हाच तिने विचारलं, कुणी येणार आहे का नाही ते एकदा सांगा.

मला काही उमजेना. मग आण्णांनी पेटी उघडली. आत माझ्या फोटोतली पाचही घोंगडी घडी घालून, कडुलिंबाचा पाला टाकून ठेवलेली. त्यांच्या हातची सगळ्यात चांगली पाच. बाजारात आणि घरी येऊन लोकांनी ती मागितली होती, आण्णांनी दिली नव्हती. त्यांत पैसा अडकल्यामुळे यंदा धनगरांकडून लोकर निम्मीच घेता आली, ती संपली म्हणून माग बंद, असं गंगव्वा सांगत होती. तिच्या आवाजात राग होता आणि तो रास्त होता.

"तुमी म्हनला हुता न्हवं, जग बगनार," आण्णा म्हणाले. "ह्येच घोंगडं बगून कुनी आलं तर त्यास्नी दुसरं कसं दावायचं?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पान होतं, पण त्याचा लांबलचक पत्ता ज्याला पाठ असेल त्यालाच ते दिसणार. सर्चमध्ये घोंगडी, लोकर, जत, काहीही टाकलं तरी आपलं नाव येत नव्हतं. तिथे ते यावं म्हणून नोंदणीचा अर्ज मी एकदा भरला होता आणि पुढे काय झालं ते पुन्हा पाहिलंच नव्हतं.

"म्हंजी दुकान उगडलं, पर गावाला सांगितलंच न्हाई," आण्णा म्हणाले. हे ते चिडून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, उद्याच्या बाजारात विकून टाका. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आधी ते फोटो तिथून काढा, मग विकतो.

त्यांच्या घरी मुक्काम करून पहाटेची गाडी धरली. सांगलीत नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता, तासाला साठ रुपये. पानावरून एकेक फोटो काढून टाकायला चहाचा कप संपेल इतका वेळ लागत होता. मग एसटीडी बूथवरून आण्णांच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. आण्णा धावत आले असावेत, धाप लागली होती.

"काढली का?"

"काढली, आण्णा."

"मग तितं लिवा, इकली म्हनून. कुनी आलंच तर उगं वाट बगाया नगं."

पुन्हा कॅफेत गेले, आणखी अर्ध्या तासाचे पैसे भरले आणि तसं लिहिलं.

साताऱ्यात परतल्यावर पेढेवाल्याला खरं ते सांगितलं. त्याने पान करायचा विचार सोडला, आणि मी सर्चमध्ये नाव कसं आणायचं हे शिकेपर्यंत कुणाकडे गेले नाही. पुढे ते शिकले, धंदाही चालला. आज ऑनलाइन दुकानांत फोटोखाली "प्रत्यक्ष वस्तू वेगळी असू शकते" असं बारीक अक्षरात लिहितात, मीही लिहिते. ती पाच घोंगडी त्याच दिवशी जतच्या बाजारात खपली, पण उन्हाळा तोंडावर आला होता, भाव पडला होता. आण्णांनी माझ्या एका वाक्यावर विसंबून वर्षभर दारातली गिऱ्हाइकं परत पाठवली. पुढे मी त्यांच्याकडे बरीच नवी गिऱ्हाइकं पाठवली, पण ती परत गेलेली काही आणून देता आली नाहीत.