दुपारीच बंद पडणारी गाडी

कल्पनाताईंची इलेक्ट्रिक गाडी आठवड्यात तिसऱ्यांदा दोरीला बांधून माझ्या बॅटरीच्या दुकानासमोर आली. पुढे मोटरसायकलवर त्यांचे दीर प्रकाशभाऊ, मागे हँडल धरून ताई.

"गाडी एकदम बढिया आहे, इंजिनियर साहेब," प्रकाशभाऊ म्हणाले. "फक्त बैल मला व्हावं लागतंय."

"भाऊजी, त्यांना बघू द्या," ताई म्हणाल्या.

ताई शहरात सिंधीपुऱ्यात राहतात आणि जसोंडी गावच्या शाळेत शिकवतात. पूर्वी त्या दिरांच्या मागे बसून जात. प्रकाशभाऊ केळीचा माल ट्रकमध्ये भरून पाठवतात, त्यामुळे ते पहाटेच निघायचे. ताई बंद शाळेच्या ओट्यावर दीड तास बसून राहायच्या. म्हणून ही गाडी. घरात ठरलं होतं की पंधरा दिवसांत नीट चालायला लागली तर ठेवायची, नाहीतर परत करायची. त्यातले बारा दिवस झाले होते.

गाडीचा सांगाडा आणि मोटर बाहेरून आली होती. बॅटरी पॅक मी बांधला होता. पॅक म्हणजे बोटाएवढ्या सेलचा गठ्ठा. दहा-दहा सेलचे तेरा गट केले, गट एकापुढे एक जोडले. गटात सेल वाढवले की गाडी लांब जाते, गट वाढवले की व्होल्टेज वाढतं. त्यावर बीएमएस नावाचं एक सर्किट असतं. करंट, व्होल्टेज किंवा तापमान हद्दीबाहेर गेलं की ते पॅक बंद करतं.

बीएमएसला मोबाईल जोडला. तेराही गटांचं व्होल्टेज सारखं होतं. चाक उचलून अर्धा तास मोटर फिरवली. बंद पडली नाही.

"इथं चालते," मी म्हणालो.

"इथं कोण बसणार आहे तिच्यावर?" प्रकाशभाऊंनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. वजनाशिवाय मोटर फारसा करंट घेत नाही, त्यामुळे त्या चाचणीला अर्थ नव्हता.

"सकाळी जाताना काय होतं?" मी ताईंना विचारलं.

"काहीच नाही, मस्त जाते. शाळा सुटल्यावर निघते, तेव्हा आधे रस्त्यात बंद. निंबाखाली थोडा वेळ उभी केली की आपोआप सुरू होते, पण फर्लांगभर गेली की परत तेच."

सावलीत उभं राहून दुरुस्त होणारा बिघाड एकच, उष्णता. गाडी दुपारपर्यंत शाळेच्या अंगणात उन्हात असायची, हे मी आधी विचारलंच नव्हतं. पण उन्हाचा हिशेब धरूनच पॅकभोवती हवेसाठी जागा सोडली होती. मी पॅकच्या डब्याचं झाकण उघडलं.

आत हवा नव्हती. चारही बाजूंनी केळीचा वाळका पाला ठासून भरला होता.

ताईंनी दिरांकडे पाहिलं.

"खडखड करत होती," प्रकाशभाऊ म्हणाले. "म्हटलं, वहिनीची बॅटरी फुटायची. आमचा माल असाच पाला लावून दिल्लीपर्यंत जातो. एक केळ काळं पडत नाही."

"केळ स्वतः एवढं तापत नाही, भाऊ. हा पॅक चालताना तापतो. एखादी ठिणगी पडली असती तर पाला पेटला असता."

"मला सांगायचं ना मग," ते म्हणाले. आवाज उतरला होता.

"खडखड माझ्यामुळे होती," मी म्हणालो. ते खरंच होतं. पॅक बसवताना मी दोन पट्ट्यांवर भागवलं होतं आणि रस्त्यानं त्या सैल केल्या होत्या.

पाला काढला. पॅक धक्के झेलणाऱ्या चार रबरी बुशांवर पक्का कसला. काळ्या डब्याला पांढरा रंग दिला आणि खालच्या बाजूला भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी एक वाजता मी स्वतः जसोंडीहून गाडी चालवत आलो, मागे प्रकाशभाऊंना बसवून. वजन म्हणून ते पुरेसे होते. गाडी कुठेच थांबली नाही.

"वहिनी," उतरल्यावर ते म्हणाले, "आता पहाटे मला चहा कोण देणार?"

"तुम्हीच करून घ्या. मी सहाला उठेन."

पंधरा दिवस पूर्ण झाले आणि गाडी राहिली.

तेव्हापासून मी प्रत्येक डब्याच्या झाकणावर आतून लिहितो: ही जागा हवेसाठी आहे. रिकामी जागा कशासाठी ठेवली ते सांगितलं नाही, तर घरातलं कोणीतरी चांगल्या मनानं ती भरतं.