दुसऱ्या नळीचं काडतूस

भात निसवायला लागलं की आमच्याकडे डोंगरातून रानडुकरं उतरत आणि माझा जीव टांगणीला लागे. आमचे हे डुकरांची वाट बघत शेतातल्या माळ्यावर बसत आणि मी दोघांच्या नावानं बोटं मोडत घरात येरझाऱ्या घालत असे.

पीक राखण्यासाठी यांना दुनळी बंदुकीचा परवाना मिळाला होता. नवी काडतुसं आणायची म्हणजे रेवसला जाऊन लाँच धरायची आणि मुंबई गाठायची. म्हणून हे झाडलेली कागदी काडतुसंच पुन्हा भरत. दारू आणि छर्रे स्वतः भरत, मला त्याला हात लावू देत नसत. तोंड बंद करायचं काम मात्र माझं. यांच्या राठ बोटांनी कागद फाटे आणि माझ्या मोदकांच्या कळ्या घरात नावाजलेल्या. तशाच कळ्या पाडून मी काडतुसाचं तोंड आत दुमडायची. हे ती ओळीनं मांडून कौतुकानं बघत बसत. "बाप्पाफुडं ठेवतीस काय गं यातला येक?" म्हणत.

मला ती थट्टा सोसत नसे. एकदा कळ्या पडलेला कागद दुसऱ्यांदा लुळा पडतो, घड्यांवरच उकलतो. त्यात आमची दमट हवा. पहिला बार उडाला की दुसऱ्या नळीतल्या काडतुसालाही हिसका बसतो. कळ्या सैल झाल्या तर छर्रे पुढे घरंगळतात आणि दुसरा बार फुसका निघतो. हे मला यांनीच एकदा हसत हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं.

दुसरी पद्धत जुनी होती. लुळी कड कापायची, छर्‍यांवर पुठ्ठ्याची चकती बसवायची आणि हातानं फिरवायच्या छोट्या यंत्रात धरून कड सगळीकडून आत वळवायची. ती हलता हलत नसे. सासऱ्यांचं ते यंत्र फळीवर गंजत पडलं होतं. पण चकती छर्‍यांच्या वाटेत येते, छर्रे फाकतात, लांबचं डुक्कर सुटतं, हे यांचं पालुपद.

"लांबूनच पडला तं दुसरा बार लागंल कशाला?" हे म्हणाले.

"मंग दुसरी नळी काय शोभंला हाय?"

यावर चांगला अबोला झाला. शेवटी तोडगा निघाला. आधी उडणाऱ्या उजव्या नळीत कळ्यांचं काडतूस घालायचं, डावीत वळवलेल्या कडेचं. काडतुसाच्या तोंडावर अंगठा फिरवला की कुठलं कुठलं ते न बघता कळत असे.

त्या संध्याकाळी हे गेले आणि मी तांदूळ निवडायला बसले. सूप ठेवलं, अंगणात गेले, परत आले. कशातच मन लागेना. आणि मग माझ्या ध्यानात आलं. दुसरा बार ऐकू आला, तर डुक्कर यांच्यावर उलटलं, एवढाच त्याचा अर्थ. इतक्या हट्टानं वळवलेलं ते काडतूस तसंच परत येऊ दे, म्हणून मी देवाला हात जोडले.

पहिला बार झाला. मी तशीच उभी राहिले. सगळं शांत. पडलं वाटतं, म्हणून आत वळले, तेवढ्यात दुसरा बार झाला. चांगला भरदार.

मी अनवाणीच बांधावरून धावत सुटले. हे समोरून चालत येत होते. धोतर मांडीवर टरकलं होतं, मांडी शाबूत होती. डुक्कर मेलं समजून माळ्यावरून खाली उतरले होते आणि ते उठून अंगावर आलं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले, रडले, पुन्हा बोलले. यांनी डाव्या नळीतलं रिकामं काडतूस माझ्या हातात ठेवलं.

"आता समदी अशीच वळव," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी यंत्र पुढ्यात घेऊन बसले. माझंच खरं झालं होतं. पण तो दुसरा बार कानातून जाईना आणि पहिल्याच काडतुसाची कड माझ्या हातून फाटली.